वऱ्हाडचे घाट आणि गाडीचा ब्रेक

वऱ्हाडाची भूमी पूर्वापार तीन भागांत ओळखली जाते : उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगड रांगांतला मेळघाट, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा बालाघाट आणि या दोहोंच्या मधे पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा सपाट पयनघाट. अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे मधल्या सपाटीची. वाहनांच्या ब्रेकचा या प्रदेशातला इतिहास याच भूरचनेने घडवला. पयनघाटात गाडी थांबवण्यापेक्षा ती चिखलातून ओढून नेणे हीच मोठी अडचण होती. परतवाड्याहून मेळघाटात चढणाऱ्या किंवा पातूरहून मेडशीकडे जाणाऱ्या वाटेवर मात्र चढलेली गाडी सुखरूप खाली आणणे हे चालकाच्या कसबाचे काम होते. ब्रेकची गरज आधी सपाटीच्या दोन्ही कडांवर निर्माण झाली. सपाटीवर ती आली पक्का रस्ता आणि वेग आल्यानंतर.

ब्रेक कोणताही असो, त्याचे काम एकच : गाडीची गती घर्षणाने उष्णतेत बदलायची आणि ती उष्णता बाहेर टाकायची. पहिली गोष्ट लाकडाच्या ठोकळ्यालाही जमते. अवघड आहे ती दुसरी. लाकडी दांड्यापासून ओतीव लोखंडाच्या डिस्कपर्यंतचा सगळा प्रवास उष्णता झेलण्याच्या आणि टाकण्याच्या क्षमतेचा आहे, आणि ब्रेकच्या निगेचे नियमही त्यातूनच निघतात.

बंडी आणि लाकडी दांडा

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि बंड्यांमधून शेकडो कोस दूर मिर्झापूरपर्यंत जात असे. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके तुंब्यापर्यंत रुतत आणि वाहतूक जवळजवळ बंद पडे. उघाडीत सपाटीवरच्या बंडीला वेगळ्या ब्रेकची गरज नसे. वेग बैलाच्या चालीइतकाच, आणि थांबवायला कासरा पुरे.

उतारावर चित्र पालटे. गाडीचा सगळा भार जुवावाटे बैलांच्या मानेवर येई आणि बैल मागे रेटा देऊन ती अडवत. जड गाडी घाटातून उतरवताना एक आडवा लाकडी दांडा मागच्या बाजूने दोरीने आवळून चाकांच्या लोखंडी धावेवर दाबला जाई. काही वेळा चाक साखळीने जखडून ते घसटत नेत, किंवा मागे ओंडका बांधून ओढत. लाकूड धावेवर घासले की धूर निघे, दांडा जळून काळा पडे आणि त्याची पकड सुटे. तापलेला ब्रेक धरत नाही हा अनुभव मोटार येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. दांडा झिजला की बदलायचा, दोर तपासायचा आणि अर्ध्या घाटात थांबून बैलांना व चाकांना दम द्यायचा, एवढीच त्या ब्रेकची निगा होती.

रेल्वेचा ब्रेक

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि कापसासाठी रेल्वेची घाई सुरू झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून निघालेला मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा जात १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. वऱ्हाडात हा मार्ग मुख्यतः पूर्णेच्या सपाटीतूनच जातो. तरीही शेकडो टनांची गाडी स्थानकात नेमकी थांबवणे हा नवा प्रश्न होता. सुरुवातीच्या काळात इंजिनाचा आणि गार्डाच्या डब्याचा हातब्रेक हीच साधने होती. पुढे भारतीय रेल्वेवर निर्वात ब्रेक रूढ झाला. त्यात गाडीभर फिरवलेल्या नळीतली हवा काढून ब्रेक मोकळे ठेवले जात. नळीत हवा सोडली की दट्ट्या सरके आणि ओतीव लोखंडाचे ठोकळे चाकांवर दाबले जात. जोडणी तुटून डबे सुटले तर हवा आपोआप आत शिरून ब्रेक लागे. बिघाड झाला तर ब्रेक सुटू नये, लागावा, हे तत्त्व यात पक्के झाले. आजच्या हवेवर चालणाऱ्या ट्रक-बसच्या पार्किंग ब्रेकमध्येही तेच आहे : हवा संपली की स्प्रिंग ब्रेक लावते.

मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’ नावाने प्रसिद्ध झालेली अरुंद मापाची रेल्वे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आली. तीही डोंगर टाळूनच धावत असे. सातपुडा खऱ्या अर्थाने ओलांडला तो स्वातंत्र्यानंतर पुऱ्या झालेल्या अकोला–खंडवा मीटरगेज मार्गाने. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी, म्हणून रेल्वेला तीव्र उतार चालत नाही. त्यासाठी धूळघाटजवळ रूळ वर्तुळात फिरवून स्वतःवरूनच ओलांडून नेला होता. उतार सौम्य करायला अंतर वाढवायचे, म्हणजे ब्रेकवरचा भार मार्गानेच हलका करायचा, हा रेल्वेचा उपाय. रस्त्याच्या मोटारीला ही सवलत नव्हती. तिला घाट आहे तसा उतरावा लागे.

मोटारी आणि ड्रम

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत वऱ्हाडच्या शहरांत मोटारी दिसू लागल्या. त्या काळच्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीतल्या ड्रमवर पट्टा आवळणारा होता. इतर गाड्यांचे ब्रेक सळया आणि तारांनी ओढले जात आणि बहुधा मागच्या दोन चाकांनाच असत. तारा ताणल्या जात, सांधे झिजत आणि एका बाजूचा ब्रेक आधी लागून गाडी तिकडे ओढली जाई.

हा दोष द्रवाच्या दाबाने दूर केला. बंद नळीतल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला तर तो सर्व टोकांना सारखा पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने ब्रेक बनवले. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीत ते चारही चाकांना आले, शेव्हरोलेने १९३६ मध्ये आणि फोर्डने १९३९ मध्ये ते स्वीकारले. चाकातली यंत्रणा मात्र लुई रेनॉल्टने १९०२ मध्ये आणलेल्या धर्तीचीच, म्हणजे ड्रमची राहिली : चाकाबरोबर फिरणारा पोकळ ड्रम आणि त्याच्या आतून बाहेर दाबले जाणारे दोन अर्धगोल शू.

स्वातंत्र्यानंतर वऱ्हाडच्या रस्त्यांवर ड्रमचेच राज्य होते. १९५७ मध्ये आलेली ॲम्बॅसॅडर, फियाट, वन खात्याच्या जीपगाड्या, १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागलेले टाटा-मर्सिडीज ट्रक आणि एसटीच्या बस ही सगळी वाहने कित्येक दशके चारही चाकांच्या ड्रमवर धावली. ड्रमचे गुण त्या काळाला मानवणारे होते. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. यंत्रणा झाकलेली असल्याने काळ्या मातीची धूळ लगेच आत जात नाही. शूवरचे घर्षणाचे लायनर झिजले तर जुने रिव्हेट काढून नवे ठोकता येतात, आणि हे काम तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही करू शके. ‘ब्रेक चढवणे’, म्हणजे शू आणि ड्रम यांतले अंतर कमी करणे, हे गॅरेजमधले नेहमीचे काम होते.

पण घाटात ड्रमचे दोष उघडे पडत. उष्णता बंद पोकळीत साठते. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, म्हणून पॅडल आणखी खाली जाते, आणि अतितापलेल्या लायनरची पकडही उतरते. परतवाडा–सेमाडोह–धारणी रस्त्यावर पावसाळ्यात दुसरी अडचण येई. रपट्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरे आणि पुढची काही वळणे ब्रेक जवळजवळ लागत नसे. म्हणून अनुभवी चालक रपटा ओलांडताच हलक्या पायाने ब्रेक दाबून थोडे अंतर गाडी चालवत आणि लायनर वाळवून घेत.

लायनर दीर्घकाळ ॲस्बेस्टॉसचे होते. उष्णता सोसण्यात ते उत्तम, पण त्याची बारीक धूळ फुप्फुसांना घातक. ड्रम उघडून आतली धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवण्याची गॅरेजमधली सवय त्यामुळेच धोक्याची. ब्रेक स्वच्छ करायचा तो ओल्या फडक्याने किंवा ब्रेक-क्लीनरने. लायनर ॲस्बेस्टॉसविरहित झाले तरी हा नियम सोडू नये.

डिस्कचा जन्म

ड्रमला पर्याय कल्पनेत जुनाच होता. १९०२ मध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर याने चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्याने तांब्याचे पॅड वापरले. ते कर्कश वाजत आणि धुळीच्या रस्त्यांवर भराभर झिजत. योग्य घर्षणद्रव्य आणि द्रवाचा भरपूर दाब मिळेपर्यंत ही कल्पना पन्नास वर्षे मागे राहिली. १९५३ मध्ये डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वारने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि १९५५ मध्ये सित्रोएन डीएस या मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटारीला पुढच्या बाजूस डिस्क आल्या.

डिस्कचे बलस्थान तिच्या उघडेपणात आहे. ती वाऱ्यात फिरते, म्हणून लवकर निवते. तापून फुगली तरी पॅडच्या दिशेने जाडावते, त्यांच्यापासून दूर जात नाही. पाणी आणि धूळ फिरण्याच्या जोरावर बाहेर फेकली जाते. तिचा धातू बहुधा करडे ओतीव लोखंड असतो. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता चांगली पसरते आणि कंपन विरते. पुढच्या चाकांच्या डिस्क पुष्कळदा हवेशीर असतात : दोन पातळ चकत्या आणि मधे हवा खेळवणारे पडदे. ब्रेक लागताना भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे जवळपास सत्तर टक्के काम पुढच्या चाकांवर येते. म्हणून छोट्या मोटारींत ‘पुढे डिस्क, मागे ड्रम’ ही जोडी ठरून गेली.

भारतात १९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आलेल्या मारुतीनंतर मोटारींची जी नवी पिढी आली, तिच्याबरोबर ही रचना नव्वदच्या दशकात रुळली. १९९८ च्या टाटा इंडिकालाही पुढे डिस्क होत्या. ब्रेक बनवण्याचा उद्योगही वऱ्हाडच्या शेजारी आला. अकोल्याहून पश्चिमेला असलेल्या जळगावला कल्याणी ब्रेक्सचा कारखाना उभा राहिला. ही कंपनी पुढे बॉश समूहात गेली.

घाटाचे आणि महामार्गाचे गणित

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, तर पायथ्याचा अचलपूर–परतवाडा परिसर सुमारे ३७० मीटरवर. म्हणजे उतार सातशे मीटरांहून अधिक. माणसांसह १,२०० किलो वजनाची मोटार हा उतार उतरते तेव्हा सुमारे ८० लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. साध्या तापमानाचे पंचवीस लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला एवढी ऊर्जा लागते. तिचा बराच भाग टायर, हवा आणि इंजिन खातात. किती भाग ब्रेकवर पडणार हे चालकाच्या गिअरवर ठरते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरणारी मोटार इंजिनाने अडवली जाते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाय सतत ब्रेकवर ठेवला तर सगळा भार डिस्कवर येतो. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा घाटातल्या चालकांचा नियम या गणितावरच उभा आहे.

सपाटीचे गणित वेगळे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० किलोमीटरवरून थांबताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या चौपट ताशी १०० वरून. हीच मोटार ताशी १०० वरून एकदा जोरात थांबवली आणि पुढच्या दोन डिस्कचे वजन मिळून दहा किलो धरले, तर त्यांचे तापमान एका दमात साधारण ६५ अंशांनी वाढते. बैलगाडीच्या काळात सपाटीला ब्रेक लागत नसे. आज ती स्थिती पार उलटली आहे. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम नोंदवला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमरावती जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना चाक जखडू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. तिचा उपयोगही पॅड आणि डिस्क धड असतील तरच.

डिस्कची झीज आणि निगा

ड्रमच्या काळातली ‘ब्रेक चढवण्याची’ विद्या डिस्कला लागत नाही. पॅड झिजतील तसे, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन आपोआप पुढे सरकतात. डिस्कची विद्या मापाची आहे. तिच्या काठावर किंवा मध्यभागी किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. नव्या जाडीपेक्षा तो बहुधा दीड-दोन मिलिमीटरच कमी असतो. जाडी मायक्रोमीटरने, घासल्या जाणाऱ्या पट्ट्यावर, निदान सहा-आठ ठिकाणी मोजावी. डिस्कच्या कडेला न झिजलेला उंच काठ उरतो. त्यावरून मापाची कॅलिपर-पट्टी लावली तर जाडी खोटीच जास्त दिसते. पातळ डिस्क कमी उष्णता साठवते, म्हणजे त्याच घाटात अधिक तापते, म्हणून ही मर्यादा मोडायची नसते. पॅडवरचे घर्षणद्रव्य दोन-तीन मिलिमीटर उरले की एका आसाच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलतात.

ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरले की ‘डिस्क वाकडी झाली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ती उष्णतेने वाकल्याची उदाहरणे थोडी. बहुतेक वेळा तिची जाडी जागोजागी सूक्ष्म फरकाने असमान झालेली असते, किंवा तापलेल्या पॅडचे द्रव्य एका जागी चिकटलेले असते. मिलिमीटरचा पन्नासावा भाग एवढा फरकही पायाला जाणवतो. तो शोधण्याची रीत अशी : चाक काढून नट परत आवळायचे, डायल गेजची सुई डिस्कच्या काठापासून सुमारे एक सेंटिमीटर आत टेकवायची आणि डिस्क हाताने सावकाश एक फेरा फिरवायची. सुई ०.०५ ते ०.१ मिलिमीटरहून अधिक हलली तर दोष शोधायला हवा. पुष्कळदा तो डिस्कमध्ये नसतोच. डिस्क ज्या हबवर बसते तिथला गंजाचा पापुद्रा साफ न करता नवी डिस्क चढवलेली असते, किंवा चाकाचे नट एकसारखे आवळलेले नसतात. लेथवर डिस्क घासून सपाट करता येते, पण घासल्यानंतरची जाडी किमान मर्यादेच्या वर राहत असेल तरच.

वऱ्हाडात काही गोष्टींकडे जास्त लक्ष द्यावे लागते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याने गाडी धुतली तर ओतीव लोखंड लवकर गंजते. रात्रीच्या पावसानंतर डिस्कवर दिसणारा तांबूस थर निरुपद्रवी असतो आणि चार-पाच ब्रेकांत निघून जातो. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीतला खोल गंज मात्र पॅड खातो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या धूळ आणि गंजाने अडकल्या की एका बाजूचा पॅड दुसरीपेक्षा जास्त झिजतो. म्हणून पॅड बदलताना पिना काढून, पुसून, ब्रेकसाठी असलेले ग्रीस लावून बसवायला हव्यात. साध्या ग्रीसने रबर फुगते.

गॅरेजात ज्याला ब्रेक ऑईल म्हणतात ते खनिज तेल नसते. तो हवेतली आर्द्रता शोषणारा द्रव आहे. नव्या ‘डॉट ४’ द्रवाचा उत्कलनांक किमान २३० अंश असतो. पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली आलेला चालतो, त्याहून नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात चिखलदऱ्याहून उतरताना असा जुना द्रव कॅलिपरमध्ये उकळला तर वाफेचे बुडबुडे होतात, पॅडल स्पंजासारखे दबते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी द्रव बदलून यंत्रणेतली हवा काढतात.

घाट उतरून आल्यावर गरम डिस्कवर पाणी मारू नये, कारण असमान निवल्याने लोखंडाला तडे जाऊ शकतात. पायथ्याशी लगेच ब्रेक दाबून उभे राहण्याऐवजी किलोमीटर-दोन किलोमीटर सावकाश चालवून डिस्क निवू द्यावी. पाय दाबलेलाच राहिला तर पॅडचे द्रव्य एका जागी चिकटून थरथर सुरू होते. नवे पॅड घातल्यावर मध्यम वेगावरून वीस-तीस वेळा हलके ब्रेक लावून, मधे निवू देत, ते डिस्कवर बसवून घेतले की पुढची पकड एकसारखी राहते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींनी यात नवी भर घातली आहे. उतारावर मोटर जनित्रासारखी चालून ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत घालते, त्यामुळे डिस्क कमी तापते आणि कमी झिजते. पण क्वचित वापरली जाणारी डिस्क गंजतेही लवकर. शिवाय चिखलदऱ्यावर बॅटरी पूर्ण भरून निघालेल्या मोटारीला ऊर्जा साठवायला जागाच नसते, आणि घाटाचा पहिला भाग तिला यांत्रिक ब्रेकवरच उतरावा लागतो. म्हणून अशा मोटारीतही डिस्कची जाडी, पॅड आणि ब्रेक ऑईल यांची तपासणी ठरल्या वेळी व्हावी आणि घाटाच्या प्रवासाआधी तर नक्कीच व्हावी.